पान चुकलं नव्हतं

"तुम्ही मला थांबवलं का नाहीत?"

फादर इनास वालाच्या शेंगा सोलत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे सगळं काम बोटांनी. दाणा सुपात, साल खाली.

"पाणी शिंपडत होतो," ते म्हणाले.

"पण मी काय वाचतोय ते तुम्हाला कळत होतं."

"कळत होतं."

"सगळं?"

"एका ठिकाणी उच्चार उगाच लांबवलास. तिथे आखूड हवा."

ब्रदर सालूला शिव्या हव्या होत्या. निदान एक चांगलं खडसावणं. ते काहीच मिळालं नाही, म्हणून तो जास्तच चिडला.

ही गोष्ट मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे त्या काळातली. आमच्या वसईतल्या एका गावात चर्चच्या मागे छोटी सेमिनरी होती, फादर होऊ पाहणाऱ्या ब्रदरांची शाळा. तिथे फादर इनास तुस्कानो यांनी चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना मागच्या अंगणाकडची एक खोली मिळाली होती. सालू, म्हणजे साल्वादोर लोपीस, हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी आणि सगळ्यांत हुशार. त्याच्या अंगात लॅटिन चांगलं मुरलं होतं. पण त्यातलं बरंचसं नाकावर आलं होतं, हेही खरं.

ईस्टरनंतर त्याची गुरुदीक्षा ठरलेली. बापानं झग्याचं कापड आणून शिंप्याकडे टाकलं होतं. आईनं दीक्षेच्या जेवणासाठी दोन डुकरं पाळायला घेतली होती. तीन मुलींच्या पाठीवर झालेला हा एकच मुलगा, तोही देवाला दिलेला, म्हणून गल्लीत तिचा भाव वाढला होता.

जानेवारीत संत अंतोनच्या सणाला गावातली जनावरं चर्चच्या अंगणात आणायची पद्धत होती. बैल, रेडे, म्हशी, एखादी शेळी, कोणी टोपलीतून कोंबड्याही आणी. शिंगांना झेंडूच्या माळा. फादर लॅटिनमधून आशीर्वादाची प्रार्थना वाचत आणि पवित्र पाणी शिंपडत. माणसं आमेन म्हणत आणि जनावरं घरी नेत.

त्या वर्षी सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर फादर ऑस्वल्ड, कामासाठी मुंबईला गेले होते. सगळं फादर इनासांवर आलं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. म्हणून ठरलं असं की सालूनं वाचायचं आणि फादरांनी पाणी शिंपडायचं.

सालूनं प्रार्थनापुस्तक उघडलं. त्यात आपली वही ठेवली. आणि अंगणातल्या शंभरेक जनावरांसमोर, अडीचशे माणसांसमोर, खणखणीत आवाजात दोन हजार वर्षांपूर्वीची एक लॅटिन प्रेमकविता वाचली.

कोणी भुवई उचलली नाही. सगळे आमेन म्हणाले. फादर इनास शेवटच्या शेळीपर्यंत पाणी शिंपडत गेले.

"कुणाला दाखवायचं होतं?" फादरांनी आता विचारलं.

"रेक्टरांना."

"ते तर इथे नव्हते. मग?"

"लोकांना," सालू म्हणाला. "त्यांच्यासमोर काहीही वाचा, ते आमेन म्हणतात. बघितलंत ना तुम्ही?"

"मला दिसत नाही."

सालूनं हात झटकले. मग त्यानं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. फादरांना ते माहीत होतं, तरी सांगितलं. रेक्टरांनी महिन्यापूर्वी लॅटिनच्या अभ्यासातून प्रेमकविता काढून टाकल्या होत्या. लढाया ठेवल्या, सभेतली भाषणं ठेवली. सालूकडे एक वही होती. त्या जुन्या कवितांमधली जनावरं त्यानं तिच्यात गोळा केली होती. माळावर मोकळी सुटलेली घोडी. पानं हलली तरी पळणारी हरिणी. एकाच फांदीवर बसणारी कबुतरं. बंद दारासमोर रात्र काढणारा कुत्रा, ज्याला आतून कोणी हाकलतही नाही आणि भाकरही टाकत नाही. प्रत्येकाखाली त्याचं मराठी. ती वही जाळून टाकायला रेक्टरांनी सांगितलं होतं.

ही जनावरं नाहीत, असं रेक्टरांचं म्हणणं. ही बाई आहे, कातडं पांघरून आलेली. उद्याच्या फादरांना ती कशाला हवी?

सालू भर वर्गात उठून उभा राहिला होता. आपल्या प्रार्थनांमध्ये एकच जनावर पुन्हा पुन्हा येतं, कोकरू, आणि तेही कापण्यापुरतं, असं तो म्हणाला. या देव न मानणाऱ्या माणसांनी निदान जनावराच्या तोंडाकडे बघितलं होतं. वर्ग हसला. रेक्टर हसले नाहीत.

आणि या कविता सालूला कोणी शिकवल्या? फादर इनासांनीच. दर गुरुवारी दुपारी, विहिरीच्या कठड्यावर बसून, पाठ म्हणत. हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

"वाचताना भीती वाटली?" फादरांनी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"कोणाला कळणारच नव्हतं, तर भ्यायचं कशाला?"

फादरांच्या बोटांना एक किडका दाणा लागला. त्यांनी तो नाकाशी नेला, हुंगला आणि बाजूला टाकला.

सालू वाट पाहत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "आता तुम्ही म्हणणार की हे काही धाडस नव्हे."

"मी कुठे काय म्हणालो?"

...

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कू रुमाव आला.

पास्कू सत्तरीचा शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. आणि गेल्या पावसाळ्यात बैलजोडीतला बांडा गेला. मागे राहिला तो तांबडा. तो नीट खाईना आणि शेजारी नवा बैल उभा केला की शिंगं उगारी. म्हणून पास्कू सणाच्या दिवशी त्याला आशीर्वादासाठी घेऊन आला होता.

तो दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. टोपी हातात.

"फादर, एक विचारायचं होतं. ब्रदरांना."

"विचार."

"काल वाचलंत ते काय होतं?"

सालूनं फादरांकडे पाहिलं. फादरांनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांना ती सोय होती.

"प्रार्थना होती," सालू म्हणाला.

"नाय," पास्कू म्हणाला. भांडायला आल्यासारखा नाही, हवेबद्दल बोलावं तसा. "ती मी साठ वर्षं ऐकतो. मला अर्थ कळत नाय, पण वाट पाठ आहे. कुठं चढ, कुठं वळण. शेवटी आवाज उताराला लागतो, तिथं आमेन. काल उतार आलाच नाय. आमी अंदाजानं म्हटलं."

"सगळ्यांच्या लक्षात आलं?"

"बायकांच्या आधी आलं."

सालूचे कान तापले. अडीचशे माणसांना आपण फसवलं असं त्याला रात्रभर वाटत होतं, आणि तीच माणसं घरी जाऊन त्याच्याबद्दल बोलत होती.

"मग आमेन का म्हणालात?"

"फादर पाणी शिंपडत होते ना. ते थांबले असते तर आमी पण थांबलो असतो."

फादर इनासांनी पुढची शेंग घेतली.

पास्कूनं मग खरी गोष्ट काढली. गावात कुजबुज चालू होती. कोणी म्हणे ब्रदरांनी जनावरांवर काही भलतंच वाचलं. दोन घरांनी संध्याकाळी म्हशींवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. पास्कूचा तसल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तांबडा रात्री उठून उभा राहिला होता, आणि बरं वाचलं की वाईट, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

"सांग त्याला," फादर म्हणाले.

"काय सांगू?"

"काय वाचलंस ते."

"मराठीत?"

"त्याला दुसरं काही येत असेल तर त्यात सांग."

काल अडीचशे माणसांसमोर सालू अडखळला नव्हता. आज एका माणसासमोर त्याला पहिला शब्द सापडेना.

पास्कू उभाच होता.

"एका माणसानं लिहिलंय," सालू म्हणाला. "फार जुन्या काळी. त्याची बाई त्याला सोडून गेली होती."

"लग्नाची?"

"नाही."

"बरं."

मग सालू खाली बघत बोलला. वही न उघडता.

"मला बांधावर एक बैल दिसला. त्याचा जोडीदार गेलाय. मालकानं जू भिंतीला टेकवून ठेवलंय. बैल त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो, आपल्या बाजूला. दुसरी बाजू मोकळी सोडतो. त्याला कोणी तसं सांगितलेलं नाही. तू गेलीस तेव्हापासून मीही अंथरुणाच्या माझ्याच कडेला झोपतो. लोक मला कवी म्हणतात. त्या बैलाला कोणी काही म्हणत नाही."

पास्कूनं ऐकून घेतलं. टोपी या हातातून त्या हातात घेतली. फादरांची बोटंही थांबली होती.

"चुकलाय तो," पास्कू म्हणाला.

सालूनं मान वर केली.

"बाजू सोडून उभा राहतो ना, ती सवय. ती आमीच लावतो. दोन वर्षं मागं लागून. त्याच्यात दुःख नाय. दुःखाचं वेगळं असतं. तांबडा जू हुंगतो. स्वतःच्या बाजूचं नाय, बांड्याच्या बाजूचं. हुंगतो, नि मग पाण्याला तोंड लावत नाय. तुमच्या त्या माणसानं बैल बघितला होता. पण त्याच्या घरचा नसणार."

"नसेल," सालू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा लॅटिनच्या बाबतीत तो कोणाला नसेल म्हणाला.

"अंथरुणाचं मात्र बरोबर लिहिलंय," पास्कू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते त्यानं लपवले नाहीत. "हे वाईट कुठं आहे? लोकांना सांगा की. नायतर बायका म्हशींना धूर देऊन देऊन मारतील."

तो गेल्यावर सालू पायरीवर बसला. रेक्टरांनी शिकवलं होतं की कवितेतलं जनावर म्हणजे बाई. आणि तो स्वतः वहीत लिहून बसला होता की कवितेतला बैल म्हणजे विरह. त्या बैलाला चारा-पाणी लागतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"फादर, तुम्हाला माहीत होतं? हुंगतो ते?"

"नाही," फादर म्हणाले. "चाळीस वर्षं शिकवली ती कविता. चाळीस वर्षं चुकीची शिकवली."

आणि ते मनापासून हसले.

...

रेक्टर गुरुवारी परतले. तोपर्यंत मीठ-मिरच्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

फादर ऑस्वल्ड वाईट माणूस नव्हते. हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत रेक्टर नेहमी वाईट असतो. त्यांनी सालूला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. आवाज न चढवता सांगितलं की गाव अस्वस्थ आहे, बिशपांच्या ऑफिसातून चौकशी झाली तर दीक्षा लांबणार नाही, रद्दच होईल. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. रविवारी प्रवचनानंतर वाचायचा. दोनच ओळी, त्यांच्या सुबक अक्षरात.

"सणाच्या दिवशी माझ्याकडून नजरचुकीनं पान चुकलं. त्याबद्दल सर्व भाविकांची मी क्षमा मागतो."

वही त्यांनी मागितली नाही. जाळली का, हेही विचारलं नाही. एवढं वाच, मागचं सगळं विसरून जाऊ, असं म्हणाले. आणि सालू दारापर्यंत पोचल्यावर आणखी एक वाक्य. वहीतल्या बऱ्याच कविता अभ्यासक्रमात कधीच नव्हत्या, तेव्हा त्या तुला कुठून मिळाल्या हे शोधायची वेळ माझ्यावर आणू नकोस. म्हाताऱ्या माणसाला या वयात दुसरीकडे हलवणं मला आवडणार नाही.

सालू कागद घेऊन बाहेर पडला. शनिवारपर्यंत तो कागद त्याच्या खिशात होता, आणि तो दिवसातून दहादा काढून बघत होता. शनिवारी दुपारी त्याला राहवेना, तो फादर इनासांच्या अंगणात गेला.

"वाचून दाखव," फादर म्हणाले.

त्यानं वाचलं.

"मराठी शुद्ध आहे."

"फादर, थट्टा नको."

"बरं."

"हे खोटं आहे. पान चुकलं नव्हतं."

"नव्हतं."

"पण खोटं केवढंसं आहे? दोन ओळी. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. आई सुखी. लोकांच्या म्हशी सुखी. मी तीन महिन्यांत फादर होतो. मग पुढची चाळीस वर्षं खरं बोलायला मोकळा."

फादर ऐकत होते.

"आणि खरं बोललो तर मी घरी. बाप तोंड बघणार नाही. आणि तुम्हाला म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमात पाठवतील. कुठे लांब. ओळखीचं कोणी नाही, अंगण नाही."

"मला दिसत नाही," फादर म्हणाले. "कुठलंही अंगण सारखंच."

"खरं नाही ते. इथली विहीर तुम्हाला पावलांनी पाठ आहे."

ते खोटं होतं आणि पकडलं गेलं होतं.

सालू रडवेला झाला. "मी काय करू, सांगा ना. तुम्ही म्हणाल ते करतो. वाच म्हणालात तर वाचतो, नको म्हणालात तर नाही वाचत."

फादर इनासांनी हात पुढे केला, चाचपडत सालूचा हात शोधला. कागद त्याच्याच हातात होता. तो त्यांनी त्याच्या बोटांसकट मिटला.

"तू मला लहानपणापासून विचारत आलास, फादर या शब्दाचा अर्थ काय, त्या ओळीचा अर्थ काय. मी सांगत आलो."

"हो."

"हे मला येत नाही."

...

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी बाहेर उभे राहून विड्या ओढणारे पुरुषही आत आले होते. म्हशींचा प्रश्न होता.

सालूची आई पुढच्या रांगेत. बाप तिच्या बाजूला, कोट घालून. मागे खांबाशी पास्कू. वेदीच्या कडेला खुर्चीत फादर इनास, काठी गुडघ्यांत धरून.

रेक्टरांचं प्रवचन झालं. त्यांनी मानेनं खूण केली. सालू प्रवचनाच्या चौथऱ्यावर चढला आणि त्यानं कागद उलगडला.

"सणाच्या दिवशी माझ्याकडून..."

तो थांबला. लोकांना वाटलं, अक्षर लागत नसेल.

सालूनं कागदाची घडी घातली. चार वेळा घातली. ती लाकडी कठड्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"पान चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम दुसरं वाचलं."

कोणी तरी खाकरलं. मग तेही थांबलं.

तो बोलत गेला. आवाज काही सणासारखा खणखणीत नव्हता. तो म्हणाला, मी तुमच्या जनावरांवर एका माणसाची प्रेमकविता वाचली. तुम्हाला कळणार नाही म्हणून वाचली. तुम्हाला मी अडाणी समजलो, आणि तुम्हाला पहिल्याच आमेनला कळलं होतं. त्याची मी तुमच्याजवळ क्षमा मागतो. हात जोडून मागतो.

त्यानं खरोखर हात जोडले.

"पण कवितेची क्षमा मागणार नाही," तो म्हणाला. "त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. तुम्हीच ऐका."

रेक्टर खुर्चीतून अर्धे उठले. अडीचशे लोकांसमोर पुढे काय करायचं ते त्यांना समजलं नाही, आणि ते तसेच राहिले.

सालूनं सगळी कविता मराठीत सांगितली. बांधावरचा बैल, भिंतीला टेकवलेलं जू. दुसरी बाजू मोकळी सोडतो, इथे तो थांबला आणि म्हणाला, इथे कवी चुकलाय, हे मला पास्कू रुमाव यांनी दाखवलं. बैल बाजू सोडतो ते सवयीनं. दुःख झालं की तो जोडीदाराच्या बाजूचं जू हुंगतो आणि पाणी पीत नाही. दोन हजार वर्षांत हे त्या ओळीखाली कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आता मी लिहून ठेवलंय.

मग अंथरुणाची ओळ. ती त्यानं गाळली नाही. आईसमोर, बापासमोर, रेक्टरांसमोर, जसं होतं तसं म्हटली.

शेवटची ओळ संपली.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. तिच्यामागे आणखी एक. खांबाशी पास्कू भिंतीकडे तोंड करून उभा होता. सालूच्या बापानं मान खाली घातली होती ती वर केलीच नाही. आई मात्र मुलाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, लाज होती, आणि तरी ती नजर काढत नव्हती.

मग ती म्हातारी म्हणाली, "आमेन."

सगळे म्हणाले. या वेळी अंदाजानं नाही.

...

मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत तिघेच होते. बाहेर लोक जात नव्हते, त्यांचा आवाज येत होता.

रेक्टरांनी झग्याच्या बाह्या खाली ओढल्या.

"दोनच ओळी होत्या, साल्वादोर," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"हो, फादर."

"मी आता काहीच करू शकत नाही. बिशपांना मला कळवावं लागेल. दीक्षा होणार नाही. या वर्षी नाही, आणि मला नाही वाटत कधी होईल."

"हो."

"पश्चात्ताप आहे?"

सालूनं विचार केला. "आईची डुकरं," तो म्हणाला. "त्याचं वाईट वाटतंय. बाकी नाही."

रेक्टर फादर इनासांकडे वळले. म्हणाले की कविता कोणी शिकवल्या ते आता मला विचारावंच लागेल.

"विचारू नका," फादर इनास म्हणाले. "मीच सांगतो. मी शिकवल्या. गुरुवारी दुपारी."

"तुम्हाला इथून जावं लागेल."

"जाईन."

"फादर, तुमची पन्नास वर्षं झाली सेवेत. एक शब्द बोला तुमच्या या मुलाला. निदान शेवटी तरी त्याला त्याची जागा दाखवा."

फादर इनास उठले. काठी भिंतीला टेकवली.

सालूनं पांढरा झगा अंगावरून उतरवला होता. आत साधा सदरा आणि पँट. झग्याची घडी करून त्यानं ती कपाटात ठेवली. या खोलीत तो आता कोणीच नव्हता.

फादर कपाटाच्या कडेनं हात फिरवत, एकेक पाऊल टाकत त्याच्यापर्यंत आले. हातानं त्याचा खांदा चाचपला. खात्री करून घेतली. आणि त्याच्यासमोर, पिकल्या केसांचं डोकं खाली वाकवून, उभे राहिले.

सालूला वाटलं, त्यांचं काही पडलं. तो खाली बघू लागला.

"काय हवंय, फादर?"

"आशीर्वाद."

"...माझा?"

फादरांनी डोकं वर केलं नाही. रेक्टर दाराशी होते तिथेच थिजले.

सालूचे हात लटकत राहिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सणाच्या दिवसापासून जे आलं नव्हतं ते सगळं आता आलं.

"फादर, मला हक्क नाही. कालपर्यंत नव्हता, तीन महिन्यांनी मिळणार होता, आणि आता तर कधीच मिळणार नाही."

फादर इनास वाकलेलेच होते.

"हक्कवाल्यांचे पुष्कळ घेऊन झाले," ते म्हणाले. "तू दे."